कोरडा टॉवेल

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ‘पाणबुडे’ म्हणायची. आडनाव नव्हतं ते, कौतुक होतं. गेली नऊ वर्षं, ऐन थंडीतसुद्धा, हा गृहस्थ उजाडताच खांद्यावर टॉवेल टाकून तळ्यावर जायचा आणि ओल्या केसांनी परत यायचा. मग दिवसभर दुकानात, मशीन उलटं करून तेल सोडता सोडता गिऱ्हाइकांना ऐकवायचा, "गार पाण्यात उतरा हो! सांधे मोकळे होतात, झोप लागते, डोकं शांत राहतं. पहिले दहा श्वास जड जातात, मग काही वाटत नाही."

आणि खरं सांगायचं तर हा पठ्ठ्या एकदाही पोहला नव्हता. पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंत उतरला आणि बोंबलत वर आला. घरी काय तोंड दाखवायचं? म्हणून शेवटच्या पायरीवर बसून दोन ओंजळी पाणी डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. एखादी थाप मारून माणसाने गप्प बसावं की नाही? याने रोजचा रतीबच लावला. सांधे, झोप, दहा श्वास, हे सगळं ज्ञान तिथे खरोखर पोहणाऱ्या एका रिटायर्ड पोस्टमनकडून उचललेलं.

लाज वाटायची का? वाटायची तर! लेक समोर असली की फारच. शाळेत असताना ती पाण्याला बिचकायची. बापाच्या त्या दहा श्वासांवर भरवसा ठेवून ती शाळेच्या पोहण्याच्या तलावात उतरली आणि पोहायला शिकली. "माझे बाबा थंडीतही पोहतात," असं ती मैत्रिणींना सांगू लागली की हा काहीतरी निमित्त काढून आतल्या खोलीत सटकायचा.

आता लेक नोकरीला लागली होती. दिवसभर खुर्चीत बसून तिची पाठ धरायची. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बाबा, उद्या मी पण येणार तळ्यावर. आई, तू पण चल. तिघं जाऊ."

तो घाईघाईने म्हणाला, "अगं, पाणी फार गार असतं."

"मग? तुम्हीच तर सांगत असता!"

बायको भाजी वाढत होती. नवऱ्याकडे न बघताच ती म्हणाली, "जाऊ की."

सकाळी तळ्यावर पोस्टमन आधीच पाण्यात होता. लेकीने पायरीवरूनच विचारलं, "काका, बाबा कुठपर्यंत जातात हो? त्या पलीकडच्या झाडापर्यंत?"

पोस्टमनने एकदा त्याच्याकडे पाहिलं. नऊ वर्षांत त्या भल्या माणसाने कुठे अवाक्षर काढलं नव्हतं. "बाबांनाच विचार, बाळा," म्हणाला आणि तोंड फिरवून पोहत लांब गेला.

आता सुटका नव्हती. "मला पोहता येत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"कधीच येत नव्हतं. मी इथे बसतो, डोकं ओलं करतो आणि घरी येतो."

लेक म्हणाली, "मी किती घाबरायचे, बाबा. तुम्ही सांगितलंत म्हणून उतरले." मग तिला काहीतरी आठवलं. "पण टॉवेल? टॉवेल तर रोज दोरीवर ठिबकत असायचा!"

"तो मी बादलीत बुचकळायचे," बायको म्हणाली. "पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मला. नुसतं एक टोक ओलं असायचं. तू त्या दोरीखालूनच शाळेत जायचीस. म्हटलं, पोरीला दिसायला नको."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला. इतकी वर्षं वाटत होतं, हे लचांड आपलं एकट्याचं आहे. आणि ही बाई रोज सकाळी ते स्वतःच्या हाताने पिळून वाळत घालत होती! वर एका शब्दाने टोमणा नाही. टोमणा मारला असता तर परवडलं असतं.

"असे बसून काय राहिलात?" बायकोने कठडा पकडला आणि ती, जिला पोहण्यातलं काही कळत नव्हतं, सरळ दोन पायऱ्या पाण्यात उतरली. "आई गं! नऊ वर्षं टॉवेल भिजवला, आज तुम्ही भिजा."

लेकीचा चेहरा अजून फुगलेलाच होता, पण तिने हात पुढे केला. तिघं कमरेपर्यंत उतरली, मग छातीपर्यंत. त्याचा श्वासच अडकला. लेक मोजू लागली, "एक... दोन... बाबा, सोडा श्वास!" चारपर्यंत त्याला वाटलं, मेलो. बायको "अहो, मेले, मेले" ओरडत पोरीसारखी खिदळत होती, आणि ते बघून लेकीलाही हसू फुटलं. दहाव्या श्वासाला अंगातून खरोखरच ऊब सुटली, खांदे सैल पडले. म्हणजे आपण सांगत होतो ते सगळं खरं होतं तर! फक्त आपणच त्यात नव्हतो. त्याला रडू आलं. तोंड ओलंच होतं, म्हणून निभावलं.

दुकान उघडतो न उघडतो तोच शेजारची शिंपीणबाई मशीन घेऊन आली. "काय पाणबुडे, आज कसं होतं पाणी?"

"माहीत नाही हो रोजचं," तो म्हणाला. "मी आज पहिल्यांदाच उतरलो. आजवर सांगितलं ते सगळं खोटं."

बाई खळखळून हसली. बाकावरची दोन गिऱ्हाइकंही हसली. "काय गंमत करता हो सकाळी सकाळी!"

नुसतं हसून वेळ मारून नेता आली असती. हातातला पेचकस त्याने खाली ठेवला, आणि मान वर करून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.