बहिऱ्या पेशी आणि निकुंभ मॅडम

डॉ. शशिकला निकुंभ यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथात मीही लिहावे, असा समितीचा आग्रह. मी त्यांच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. रक्ताच्या काचपट्ट्या रंगवणे हे माझे काम. लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. मॅडमविषयी लिहायचे तर एक गोष्ट सांगावीच लागेल, आणि ती मी आजवर खुद्द त्यांनाही सांगितलेली नाही.

नव्वदच्या दशकात मी नाशिकच्या रुग्णालयात त्यांच्याकडे रुजू झालो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला माझेच बोट टोचायला लावले. "महिनाभर फक्त निरोगी रक्त बघा. चांगलं डोळ्यांत भरलं की वाईट आपोआप खुपेल," त्या म्हणाल्या. मी मुळातला घाबरट. तिसऱ्या दिवशी मला माझ्याच रक्तात कॅन्सर दिसू लागला! मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून शांतपणे पाहिले. "अहो, या साध्या पांढऱ्या पेशी आहेत. जेवलात का?" असे म्हणून त्यांनी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली.

काही वर्षांनी मीना आली. येवल्याला पैठणी विणणाऱ्या दशरथकाकांची मुलगी, बारावीतली. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग. तिच्या ल्युकेमियाचा प्रकार असा, की पांढऱ्या पेशी कच्च्याच राहतात आणि रक्तस्रावाने माणूस दगावतो. अ जीवनसत्त्वापासून केलेले एक औषध तेव्हा नुकतेच आपल्याकडे मिळू लागले होते. ते या कच्च्या पेशींना पिकवते. इतर औषधांबरोबर मॅडमनी ते सुरू केले. कॅप्सूल काका स्वतःच्या हाताने लेकीला देत.

आठवड्यात रक्त थांबले. पण मीनाचे डोके ठणकू लागले. काकांनी मला जिन्यात गाठले. "भाऊ, ह्या गोळीत हाय तरी काय? पोरीचं डोकं लय दुखतंय." मी घाईत होतो, आणि अंगात शहाणपणाची खोड. "अ जीवनसत्त्व हो काका! गाजरात असतं तेच," म्हणालो आणि पुढे गेलो.

चार दिवसांनी काचपट्टीवर पुन्हा कच्च्या पेशींची गर्दी. मी ती घेऊन मॅडमकडे धावलो. मॅडमनी पट्टी पाहिली आणि त्या तडक वॉर्डात गेल्या, मागोमाग मी.

"काका, कॅप्सूलची डबी दाखवा."

डबीत उरायला नको होत्या इतक्या कॅप्सूल होत्या. "चार दिस झाले, बंद केल्या. गाजराचा रस देतोय ना दोन टाइम. त्यात हेच असतंय म्हनं..." काकांची नजर माझ्याकडे वळली. काका पुढे काही बोलायच्या आत मॅडम म्हणाल्या, "चूक माझी आहे. मीच नीट समजावलं नाही."

मग स्टूल ओढून त्या काकांसमोर बसल्या. "निरोगी पेशींनाही हे जीवनसत्त्व लागतं, पण त्यांना गाजरातलं पुरतं. घरातून हाक मारली की त्या उठतात. या आजारी पेशी बहिऱ्या आहेत. त्यांच्या कानाशी आपला नाशिकचा ढोलच वाजवावा लागतो. ती ही कॅप्सूल. आता तुम्ही मला सांगा, काय कळलं?"

"हाकेनं भागायचं नाय. ढोलच लागंल."

"आणि डोकं दुखलं तर?"

"बंद नाय करायची. तुमाला सांगायचं."

पुढचे दिवस माझे मलाच ठाऊक. माझ्या एका वाक्याने पोर गेली तर? रोज मीनाची पट्टी भिंगाखाली सरकवताना मी क्षणभर डोळे मिटून घेई. एका सकाळी डोळे उघडले तर समोर पिकलेल्या पेशी, एक नाही, पुष्कळ! मी रंगाच्या बाटल्यांसमोर उभ्याउभ्या रडलो.

काकांना समजावलं त्या दिवसापासून मॅडमचा नेम झाला. रुग्ण असो, नातेवाईक असो की शिकाऊ डॉक्टर, समजावून झाले की "आता तुम्ही मला सांगा" ठरलेलेच. माणसे वैतागतात, "बाई परीक्षा घेतात" म्हणतात. मॅडम हसतात आणि पुन्हा विचारतात. मीना आज येवल्याला मागावर बसते. तिची तपासणी असली की अजूनही मी पट्टी दोनदा बघतो.

मॅडम, गाजराचे ते मीच सांगितले होते. तुम्हाला तेव्हाच कळले होते का, हे विचारायचे धाडस मला कधी झाले नाही. आता हे तुम्ही सगळ्यांच्या देखत वाचाल, म्हणून जीव धास्तावला आहे. खुशाल रागवा. पण त्यासाठी ठणठणीत राहा, शंभरी गाठा आणि रोज प्रयोगशाळेत या. रागवून झाले की नेहमीसारखे विचारा, "आता तुम्ही मला सांगा, काय कळलं?" उत्तर माझे पाठ आहे: त्या दिवशी तुम्ही मीनाला वाचवलंत, आणि मलाही.