अराबाची दुसरी काख

सहा वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे अराबाचा उजवा स्तन काढला, आणि त्याबरोबर उजव्या काखेतल्या लसिकाग्रंथींच्या गाठीही. त्यामुळे तो हात सुजून जड झाला तो झालाच. तेव्हापासून एल्मिनाच्या बंदरावर ती मक्याच्या पानांत बांधलेले केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, गिऱ्हाइकांना डाव्या हाताने देई. डावा हात पुढे करणे तिथे उर्मटपणाचे, म्हणून आधी "माफ करा" म्हणे. कोळी चिडवत, "मावशी, रोज माफी मागतेस, एवढं पाप तरी काय केलंस?"

यंदा जुन्या व्रणावर मसुराएवढा दाणा उठला. तुकडा तपासला, तर तोच आजार निघाला.

डॉक्टर क्वान्साबाई सोनोग्राफी करताना डाव्या काखेकडे वळल्या.

"बाई, दुखणं त्या बाजूला आहे," अराबा म्हणाली.

"माहीत आहे, मावशी. तिकडच्या गाठी काढल्या, आजाराची ती वाट बंद झाली. आजार कधीकधी वळसा घालून इकडे येतो."

यंत्र एका जागी थांबले. पुढे गेले, पुन्हा तिथेच आले.

"एक गाठ मोठी दिसतेय."

"आई, बोट दाखव ना!" मुलगी एकुवा म्हणाली.

अराबाने मूठ आवळली. वाफेने भाजून तिच्या डाव्या हाताचे बोट पिकले होते. हाही हात वापरू नका म्हणतील, या धास्तीने तिने ते लपवले होते.

डॉक्टरांनी मूठ उघडली. "पिकलेल्या बोटानेही काखेत गाठ येते. पण अंदाजावर सोडता येत नाही. सुई घालून तपासू."

"आणि तिथंही तेच निघालं तर?"

"तर या काखेतल्या गाठी काढाव्या लागतील."

"सुई घाला. पण हा हात मी देणार नाही, आत्ताच सांगते."

"हात कोण मागतंय, मावशी?"

"सुजला की गेल्यातच जमा!"

आठवड्यात बोट बरे झाले. अराबा रोज अंघोळीच्या वेळी काख चाचपून पाही. गाठ तशीच होती. एकुवाला ती काही बोलली नाही.

सुईच्या तपासणीचा अहवाल आला. डॉक्टर म्हणाल्या, "बोटामुळे नाही, मावशी. गाठीत आजार आहे. छाती-पोटाच्या स्कॅनमध्ये मात्र काही नाही. आत्ता काढलं तर पुढच्या औषधांचा उपयोग होईल."

एकुवा रडू लागली.

"सूज येईलच का?" अराबाने विचारले.

"येईलच असं नाही. येणार नाही, असंही म्हणत नाही."

अराबाने डाव्या हाताने एकुवाचे डोळे पुसले. मग म्हणाली, "मंगळवारी करा. त्या दिवशी होड्या समुद्रात जात नाहीत. गिऱ्हाईक नसतं."