मारिसोलला मी ‘हो’ म्हणालो

हे मी घरी कधी बोललो नाही. फादरांपुढे गुडघे टेकले तेव्हाही बाकीचं सगळं सांगितलं — हे तेवढं गाळलं. तुला सांगतोय.

मी वसईचा. कतारला यायच्या आधी काही वर्षं क्रूझ जहाजावर वेटर होतो. तिथे जेवणाच्या टेबलापुरतं स्पॅनिश आलं — अजून वाईन आणू का, मासा आवडला का, एवढंच. पण इथे दोह्यात, अल नस्र भागातल्या व्हिसाची कामं करणाऱ्या ऑफिसात इंटरव्ह्यू दिला तेव्हा ‘स्पॅनिश उत्तम येतं’ म्हणून बसलो. कोण तपासणार होतं? केरळचे मॅनेजर खूश झाले.

मारिसोल कोलंबियाची. अल गराफाच्या एका क्लबात लहान मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायला आली होती. तिच्या रेसिडेन्सीचं, म्हणजे इथे राहायच्या परवान्याचं, काम आमच्याकडे होतं. इंग्रजी जेमतेम, म्हणून पहिल्यांदा क्लबातल्या मैत्रिणीला सोबत घेऊन आली. मी स्पॅनिशमध्ये ‘या, बसा’ म्हटलं आणि तिचा चेहरा असा खुलला — परक्या गावात कुणी घरचं भेटावं तसा. पुढच्या वेळी ती एकटीच आली.

त्या दिवशी ती घाबरलेली होती. भराभर बोलायला लागली. मला आई कळलं, ऑपरेशन कळलं, कोलंबिया कळलं. बाकी वाहून गेलं. माझा चेहरा बघून तिने भाषांतरासाठी मोबाइल काढला. आणि मी — मी हातानेच नको म्हटलं. मोबाइल कशाला, मी आहे ना? तिने तो पर्समध्ये ठेवला.

मग तिने सावकाश विचारलं, “पुएदो?” म्हणजे, करू शकते का? हा शब्द मला येत होता. काय करू शकते, ते कळलं नव्हतं. विचारता आलं असतं की नाही? मी म्हणालो, “सी, सी.” तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हणालो.

ती आईकडे निघून गेली. रेसिडेन्सी हातात यायच्या आत देश सोडला की ज्यावर आलो तो व्हिसा खलास — आमच्याकडे नवा माणूस पहिल्याच दिवशी हे शिकतो. तिला परत येता आलं नाही. क्लबने थोडे दिवस वाट पाहिली, मग दुसरी कोच घेतली.

मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. “तुमने उसको बताया नहीं था?”

“बताया था, सर. दो बार.”

किती सहज आलं तोंडातून. त्यांनी मान हलवली. मग ऑफिसच्या फोनवर आलेला तिचा आवाज लावला. लांबलचक मेसेज होता, मधे ती थांबत होती. “क्या बोल रही है?” त्यांनी विचारलं. मला त्यातला ‘सेन्योर’, म्हणजे साहेब, कळला आणि दोन वेळा आलेला ‘सी’ कळला. तेवढं पुरेसं होतं.

“सॉरी बोल रही है, सर. बोलती है, गलती मेरी थी.”

बघ, पहिला ‘हो’ एक वेळ ऐटीचा होता. हे मात्र मी समजून-उमजून केलं.

तो मेसेज मी स्वतःच्या मोबाइलवर घेतला आणि घरी भाषांतर करून वाचला. ती म्हणत होती, मी दोनदा विचारलं होतं, त्या सेन्योरनी दोन्ही वेळा हो म्हटलं. त्यांना विचारा. भला माणूस आहे, तो सांगेल.

मॅनेजरना मी ते वाचून दाखवलं नाही. मेसेज काढून टाकला. अजून त्याच ऑफिसात आहे. स्पॅनिश बोलणारं कुणी आलं की मॅनेजर मलाच बोलावतात, आणि मी जातो.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.