विल्फ टनिक्लिफची फरशी

आमच्या थॉर्नलीच्या ग्रामर स्कूलमध्ये सभागृहाच्या दारातली तिसरी फरशी कुणी तुडवत नाही. अकरा वर्षांच्या नव्या पोरापासून हेडमास्तरांपर्यंत सगळे ती उडी मारून ओलांडतात. शाळा काढणारे सर राल्फ तिथे गुडघे टेकून प्रार्थना करत, असं इतिहासाच्या मिस ऑर्मरॉड सांगतात. पोरं म्हणतात, खाली त्यांचा कुत्रा पुरलाय. एकदा बिशप आले होते, तेही झगा सावरून टुणकन उडाले. मला हसू आवरेना. त्या रात्रीच्या प्रार्थनेत मी क्षमा मागून घेतली.

विल्फ टनिक्लिफ या शाळेचा केअरटेकर. बॉयलर, घंटा, तुंबलेले संडास, सगळं त्याच्याकडे. चर्चमध्ये रविवारी आमच्याच बाकावर बसतो आणि प्रत्येक स्तोत्र अर्धी ओळ मागे राहून गातो. त्याची बायको एनिड एकतीस वर्षं शाळेची स्वयंपाकीण होती. तिचं पुडिंग खाऊन दुपारच्या तासाला दोन पिढ्या पेंगल्या. तिचे गुडघे पार गेले, म्हणून या जुलैत तिने काम सोडलं. शाळेला यंदा चारशे वर्षं झाली, त्याच समारंभात तिला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरलं.

शनिवारी विल्फ, एनिड आणि मी चर्चमध्ये फुलं लावत होतो, तेव्हा एनिडने हेडमास्तर ग्रिमशॉसाहेबांची चिठ्ठी दाखवली. उडी जमणार नाही, तर बाईंनी नेहमीसारखं स्वयंपाकघराच्या दाराने आत यावं.

"एकतीस वर्षं बटाट्यांच्या गोण्यांमागून आत गेले," एनिड म्हणाली. "आता सत्कारालाही तसंच जाऊ? पुढच्या दाराने नेणार असतील तर येईन. नाहीतर ते घड्याळ त्यांनाच लखलाभ!"

विल्फ बराच वेळ एकाच फुलाची पानं खुडत होता. पानं संपली तेव्हा बोलला.

"एनिड, त्या फरशीत काही नाही गं."

"काही नाही म्हणजे?"

"मीच बसवलीय ती. एकसष्ट साली. जुनी फुटली होती. सिमेंट ओलं, आणि कार्टी उधळत येत होती. मी ओरडलो, हिच्यावर पाय ठेवेल त्याचं तंगडं मोडीन!"

"मग वाळल्यावर सांगायचं नाही होय?"

"वाळलं तेव्हा आपण सुट्टीला ब्लॅकपूलच्या समुद्रावर होतो. परत येऊन बघतो तर मास्तर लोकही उड्या मारताहेत. त्यांना काय सांगू, खाली उतरा?"

"आणि बिशप उडाला तेव्हा?"

"तेव्हा तर फारच उशीर झाला होता."

एनिडने हातातला ओला गुच्छ त्याच्या पाठीत हाणला. मी म्हटलं, "विल्फ, देवाच्या घरात कबूल केलंस, बरं केलंस. आता शाळेतही कर."

सोमवारी तो गेला. ग्रिमशॉसाहेबांनी त्याला चहा दिला, मिस ऑर्मरॉडना बोलावलं, आणि दोघांनी त्याचं कौतुकाने ऐकून घेतलं.

"तुमचा साधेपणा मला ठाऊक आहे, विल्फ," साहेब म्हणाले. "पण इतकी जुनी रीत तुम्ही कशी सुरू कराल? शाळेच्या चारशे वर्षांवर आपण जे पुस्तक काढलंय, त्यात तिचं अख्खं पान आहे. फोटोसकट."

"साहेब, उकरून बघा. खाली माझी सिगरेटची डबी राहिलीय."

"सर राल्फच्या काळी इंग्लंडात तंबाखू आलेली होती," मिस ऑर्मरॉड म्हणाल्या आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं.

विल्फ घरी आला तो पडलेल्या चेहऱ्याने. एनिड म्हणाली, "मग मी घरीच बसते."

"तू टोपी घालून ये," एवढंच तो म्हणाला.

समारंभाला मिरवणूक दाराशी आली. ग्रिमशॉसाहेब उडाले, मागून विश्वस्त उडाले, मिस ऑर्मरॉड टोपी धरून उडाल्या. शेवटी एनिड, निळ्या टोपीत, काठी टेकत. ती दारात थांबली आणि अख्खं सभागृह वळून बघायला लागलं.

विल्फ तिच्या पुढे झाला. दोन्ही बूट फरशीवर ठेवले आणि दाणदाण आपटले. पुढच्या रांगेतल्या एका विश्वस्ताने डोळेच मिटून घेतले.

"घट्ट आहे. ये," विल्फ म्हणाला.

एनिड आली. फरशीवर पोचताच गुडघ्यात कळ निघाली, म्हणून जरा उभी राहिली, मोठा श्वास घेतला आणि चालत आत गेली. आधी मागच्या बाकांवरची पोरं उठली. त्यांनीच तर तिचं पुडिंग खाल्लं होतं. मग त्यांना पाहून सगळे उठले. घड्याळ घेताना ती रडली, पण नंतर म्हणाली की टोपी घट्ट होती.

सप्टेंबरात नवी मुलं आली. मी चर्चची पत्रकं द्यायला शाळेत गेले होते. दारात पाहते तर प्रत्येक मूल तिसऱ्या फरशीवर दोन्ही पाय ठेवून उभं राहतंय, एक मोठा श्वास घेतंय आणि मग आत जातंय. सर राल्फ असेच थांबत, याचा पुरावा मिस ऑर्मरॉडना सापडलाय म्हणे.

"अरे विल्फ, काहीतरी बोल की त्यांना!" मी म्हटलं.

तो शिडीवर दिवा बदलत होता. "मागे बोललो होतो," म्हणाला, "फार चांगला चहा दिला त्यांनी."