दुसऱ्या बॅटरीचा लाल दांडा

“सलीमभाई, फ्रीज परत गरम. आत चौदा डिग्री दाखवतोय. आता मी काय करू, तेवढं सांगा.”

फोनवर डॉक्टर शुभांगी मॅडम होत्या. मॅडम जनावरांच्या डॉक्टर. एका संस्थेच्या फोर-बाय-फोर गाडीतून सांगोल्याकडच्या वस्त्यांवर जातात आणि शेळ्या-मेंढ्यांना लस टोचतात. ती लस दोन ते आठ डिग्रीत राहिली पाहिजे, नाहीतर ते नुसतं पाणी. म्हणून गाडीत फ्रीज, आणि त्या फ्रीजसाठी मी बसवलेली दुसरी बॅटरी. अक्कलकोट रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. माझ्या कामाला कोणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकतो.

“मॅडम, वायरिंग माझं आहे. त्यात काही निघणार नाही.”

“मग फ्रीज काय रुसून बसलाय?”

मॅडमचा वैताग खरा होता. लसीची एक खेप त्यांना फेकून द्यावी लागली होती. दुसरी खेप ऑफिसच्या फ्रीजमध्ये ठेवून, गाडीतल्या फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून त्या रोज सकाळी थर्मामीटर बघत होत्या. चार दिवसांनी वस्तीवर दोन दिवसांचा मुक्कामी कॅम्प होता. त्यानंतर मेंढपाळ कळप घेऊन चाऱ्यासाठी लांब निघणार होते. ही लसही बिघडली, तर कळप तसेच निघणार आणि वाटेत रोगानं मेंढरं मरणार. माझ्या एका वायरीवर एवढं सगळं लटकलेलं.

दोन बॅटऱ्यांचा प्रकार तसा सोपा आहे. एक बॅटरी गाडी स्टार्ट करायला. दुसरी फ्रीज, लाइट, चार्जर यांच्यासाठी. मध्ये आयसोलेटर नावाचा डबा. इंजिन चालू असेल तोवर दोघी चार्ज होतात. इंजिन बंद झालं की डबा दोघींना वेगळं करतो. दोघी जावांच्या वेगळ्या चुली म्हणा ना. फ्रीजनं रात्रभर दुसरी बॅटरी खाल्ली, तरी सकाळी पहिली ताजीतवानी आणि गाडी एका सेल्फला स्टार्ट.

ड्रायव्हर अंबादासअण्णांनी गाडी आणून दुकानात सोडली आणि ते रिक्षानं घरी गेले. मी फ्यूज तपासला, अर्थिंग तपासलं, आयसोलेटर उघडून बघितला. रात्रभर फ्रीज चालू ठेवला. सकाळी चार डिग्री! मी ऐटीत गाडी परत पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत फोन. “चौदा. तुमच्या दारात ही गाडी शहाण्यासारखी वागते, आमच्या दारात आली की अंगात येतं तिच्या.”

तसाच स्कूटर काढून मॅडमच्या ऑफिसला गेलो आणि दुसऱ्या बॅटरीला मीटर लावला. बारा पॉइंट सात. म्हणजे बॅटरी फुल. माझी ट्यूब इथं पेटली. फ्रीज रात्रभर चालला असता, तर बॅटरी थोडी तरी उतरली असती. हिला तर कोणी हातच लावला नव्हता. म्हणजे बॅटरी चांगली, फ्रीज चांगला, आणि रात्री दोघांची गाठच पडत नव्हती. का, ते बघायला संध्याकाळी गाडी परत यायच्या वेळेला मी फाटकात उभा राहिलो.

अंबादासअण्णांनी गाडी सावकाश लावली. हँडब्रेक ओढला, काचा वर केल्या. मग त्यांचा हात सीटशेजारी खाली गेला. खट्! फ्रीजचा हिरवा दिवा गेला. अण्णांनी बोटं कपाळाला लावली आणि खाली उतरले.

“अण्णा! काय केलं तुम्ही आत्ता?”

“काय केलं? मेन बंद केला की.”

“रोज करता?”

“मग! न करता घरी जातंय व्हय कोण? सकाळी आलो की पयलं मेन चालू, मग काच पुसायची.”

अण्णांची निम्मी हयात पॉवरलूमच्या शेडमध्ये टॉवेल विणण्यात गेली होती. शेडमध्ये सगळीकडे कापसाची धूळ. एक ठिणगी पुरे. शेजारचं शेड जळताना त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. शेवटी बाहेर पडणाऱ्यानं मेन बंद करायचा, हे त्यांच्या हातात मुरलं होतं. आणि मी? आणीबाणीत दुसरी बॅटरी तोडता यावी म्हणून त्यांच्या सीटशेजारी एक मोठा लाल दांडा बसवला होता, हुबेहूब शेडच्या मेनसारखा. वर अभिमानानं सगळ्यांना दाखवलाही होता.

मॅडम बाहेर आल्या, ऐकलं आणि हसत पायरीवरच बसल्या. अण्णा मात्र कावरेबावरे झाले.

“मॅडम, म्हंजे लस मीच खराब केली? अय्यो! मला कुणी सांगितलं न्हाय ओ.”

“अण्णा, तुम्ही बरोबरच केलंत,” मॅडम म्हणाल्या. “सलीमभाई, तो दांडाच काढून टाका.”

मी पाना हातात घेतला. अण्णा हळूच म्हणाले, “काढा की. पण मग मला झोप यायची न्हाय. गाडी जळतीया असंच वाटत राहणार.”

मी पाना खाली ठेवला. या माणसाचा दांडा काढला, तर हा उद्या फ्यूज उपटून खिशात घालून घरी जाणार, याची मला खात्री होती. मग मी फक्त एक वायर हलवली. फ्रीजची लाइन दांड्याच्या अलीकडून, स्वतंत्र फ्यूज घालून सरळ बॅटरीवर घेतली. दांड्याखाली राहिले लाइट, इन्व्हर्टर आणि चार्जर. ते रात्री बंदच असायला हवेत.

“अण्णा, करा मेन बंद.”

खट्! लाइट गेले. फ्रीजचा हिरवा दिवा तसाच. अण्णांनी दोनदा करून बघितलं आणि असे खुलले, की मलाच भरून आलं.

कॅम्पला मी आपण होऊन गेलो. वस्तीवर मुक्काम झाला, अण्णांनी आपला मेन बंद केला, आणि सकाळी मॅडमनी फ्रीज उघडला. चार डिग्री! मी ओरडलो तशी चार मेंढरं बुजून पळाली. मग दोन दिवस नुसती धमाल. मेंढरं धरताना माझी पँट फाटली, एका बोकडानं मला बाभळीपर्यंत पळवलं, आणि शेंगाचटणी-भाकरी एवढी खाल्ली की पट्टा सैल करावा लागला. शेवटचं मेंढरू टोचून झालं तेव्हा म्हातारे मेंढपाळ म्हणाले, “आता कुटंबी जाऊ दे, जिवाला घोर न्हाय.” कळप धूळ उडवत निघाला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो.

तेव्हापासून दुसरी बॅटरी बसवायला गाडी आली, की मी आधी ड्रायव्हरला बसवून चहा देतो आणि विचारतो, “गाडी बंद केल्यावर तुम्ही काय काय करता?” सगळे म्हणतात, “काही नाही.” मग मी गाडी बंद करायला सांगतो आणि त्यांच्या हाताकडे बघत बसतो.