शेषरावांचा तारांकित प्रश्न

बुलढाण्याच्या कचेरीसमोर मी तीस वर्षं अर्जनवीस म्हणून बसलो. लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, ती सरकारी भाषेत टाइप करायची आणि खाली अंगठा घ्यायचा, हा माझा धंदा. हजारो कागद टाइप केले आणि विसरलो. एक मात्र विसरता येत नाही. त्याची आठवण झाली की मला अजून राग येतो, आणि तो कुणा एकावर काढता येत नाही म्हणून जास्तच येतो. तो कागद शेषरावांचा होता.

शेषराव म्हणजे खासदार भगवंतरावांचे इथले कारभारी. मूळचे उंद्रीचे, राहायला बुलढाण्यात. खासदार दिल्लीत आणि लोक इथं, म्हणून सकाळी सहापासून लोक शेषरावांच्या ओसरीवर. कुणाची बदली, कुणाचं सिमेंटचं परमिट, कुणाच्या विहिरीवर वीज. भगवंतराव दिल्लीला जाताना आपल्या नावाचे पाच-पन्नास कोरे कागद खाली सही करून ठेवून जात. वरचा मजकूर शेषराव लिहीत. दुसरा कुणी असता तर त्या कागदांच्या जिवावर जहागीरदार झाला असता. शेषरावांनी सहा वर्षांत त्यातला एक कागदही स्वतःसाठी वापरला नव्हता. मी त्यांना चिडवायचो, ‘‘शेषराव, खरे खासदार तुम्हीच. साहेब नुसती सही करतात.’’ ते कानाला हात लावायचे.

आणि खरं सांगायचं तर भगवंतराव वाईट माणूस नव्हते. हाकेला ओ देत. मयतीला येत, लग्नाला येत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. सहा वर्षांत लोकसभेत बोलले ते तीनदा. एकदा कापसाच्या भावावर आणि दोनदा आमच्या न झालेल्या रेल्वेवर. लष्कराच्या खर्चाची चर्चा चैत्र-वैशाखात यायची आणि लग्नाच्या तिथीही नेमक्या तेव्हाच. खासदार लग्नाला आला नाही तर सोयरे रुसतात, संरक्षणमंत्री थोडाच रुसतो? कोणत्या लग्नाला कधी पोचायचं त्याची यादी शेषरावच करून पाठवत. दिल्लीहून विधेयकं, अहवाल, नियमांची पुस्तकं यांचे गठ्ठे यायचे, त्यांची सुतळीसुद्धा साहेबांनी सोडलेली नसायची. ते वाचणारा साऱ्या जिल्ह्यात एकच माणूस होता, शेषराव. बाकी तिथं काय चालतं हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

बासष्टच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी लढाई झाली. शेषरावांचा एकुलता एक मुलगा तेजराव नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलाच्या, डोंगरात होता. बावीस वर्षांचा. डिसेंबरात कागद आला, ‘बेपत्ता’. पुढच्या उन्हाळ्यात चीनने आपले कैदी सोडले. शेषराव रोज पोस्टात जाऊन यादीची चौकशी करत. तेजरावचं नाव कुठल्याच यादीत आलं नाही.

मग सोनाळ्याचा एक हवालदार कैदेतून सुटून घरी आला. तो तेजरावच्याच पलटणीतला, हे कळल्यावर शेषराव आणि त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई त्याला भेटायला गेले. तो म्हणाला, ‘‘आमी धरल्या गेलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी म्या तेजरावले पाह्यलं. पायाले लागलं होतं, पण बोलत होता. मंग त्याच्यावाल्या टोळीले दुसऱ्या रस्त्यानं नेलं. सुटून आल्यावर म्या हे आमच्या सायबाले सांगतलं. त्याईनं लिहून घेतलं का नाई, ठाऊक नाई.’’

परत येताना एसटीत मनकर्णाबाई एकच वाक्य बोलल्या. ‘‘जिता हाये माहा लेक.’’

शेषरावांनी साहेबांच्या सहीनं दिल्लीला पत्र धाडलं. उत्तर आलं, ‘बाब विचाराधीन आहे.’ आणखी एक धाडलं, तेच उत्तर आलं. असली उत्तरं शेषराव स्वतः रोज दहा लिहीत, त्यामुळे त्यांच्यात काय दडलेलं असतं ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यात काहीच दडलेलं नसतं. त्यांनी धीर करून साहेबांना सभागृहात प्रश्न विचारायला सांगितलं. साहेब म्हणाले, ‘‘शेषराव, असे दिवस आहेत. सरकारच्या जखमेवर मीठ कायले चोळायचं? मी खाजगीत बोलतो.’’ बोललेही असतील. इकडे काही आलं नाही.

एका दुपारी शेषराव माझ्या टेबलाशी आले. खिशातून घडी केलेला कोरा कागद काढला. खाली भगवंतरावांची सही होती.

‘‘पंजाबराव, मशीन लावा. लोकसभेचा प्रश्न टाइप करायचा हाये.’’

मी म्हणालो, ‘‘साहेबांना विचारलंत?’’

‘‘विचारलं असतं तर तुमच्याकडं कायले आलो असतो?’’

ज्या माणसानं नातेवाइकाच्या पोराला शिपायाची जागासुद्धा या कागदावर मागितली नाही, तो मालकाच्या सहीनं चोरून प्रश्न घालत होता. मी टाइप केला. शत्रूच्या ताब्यात जिवंत पाहिले गेलेले, पण सुटलेल्यांच्या यादीत नसलेले जवान किती, आणि परत आलेल्या सैनिकांकडून अशी काही माहिती सरकारकडे आली आहे काय? वर त्यांनी तारा काढायला लावला. तारांकित प्रश्न म्हणजे काय हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि उत्तर आलं की विचारणाऱ्याला तिथल्या तिथं पुढचा प्रश्न करता येतो. विचारणारा जागेवर नसला तर उत्तर नुसतं छापून टेबलावर ठेवतात. पुढचा प्रश्न मग कुणी करत नाही.

तो पुढचा प्रश्न त्यांनी वेगळ्या कागदावर टाइप करून घेतला. तेजरावचं नाव, नंबर, पलटण, आणि खाली सोनाळ्याच्या हवालदाराची जबानी, त्याच्या सहीसकट. ‘‘प्रश्न मंजूर झाला का हा कागद साहेबांच्या हाती देतो. पाया पडतो. उभं राहून एवढं वाचून दाखवा म्हणतो. आपल्या माणसाच्या पोरासाठी एवढं करतील ना, पंजाबराव?’’

मी म्हणालो, ‘‘करतील.’’ मला तसं वाटतही होतं.

याच सुमारास उंद्रीला शाळेच्या नव्या खोल्या बांधून झाल्या. सरपंच महादेवराव शेषरावांच्या मागे लागले की उद्घाटनाला खासदार पाहिजेत, तुम्ही आपल्या गावचे, एवढं तुमच्याच्यानं होत नाही का? शेषरावांनी दोन पत्रं लिहिली. साहेबांनी अधिवेशन चालू असल्याचं कळवलं. गावातले लोक पुन्हा आले. प्रश्नाचं दिल्लीहून अजून काही कळलं नव्हतं. शेवटी शेषरावांनी तार केली, ‘गाव रुसेल, जरूर यावे.’ साहेबांची उलट तार आली, ‘येतो.’

मलकापूरच्या स्टेशनावर शेषराव जीप घेऊन गेले. तिथून बुलढाण्यात येऊन साहेबांना डाक बंगल्यावर सोडलं आणि तसेच माझ्याकडे आले. बाकावर बसले.

‘‘साहेबांनी प्रश्नांची यादी दाखवली,’’ म्हणाले. ‘‘प्रश्न मंजूर झाला. तिसरा नंबर लागला. उद्या अकराले हाये.’’

‘‘उद्या? मग साहेब इथं कसे?’’

‘‘मले ओरडलेसुद्धा नाईत. हासले. म्हणाले, ‘शेषराव, तुमी तर मले संसदपटू करून सोडलं! आता उत्तर छापून येतेच, त्यात काय? पण तुमची तार आली, गाव रुसन म्हणून. मंग आलो.’’’

मलकापुराहून दिल्लीला पोचायला एक दिवस एक रात्र. लगेच गाडीत बसवलं असतं तरी उपयोग नव्हता. मी उगाच काहीतरी बोललो, अध्यक्षांना तार करू म्हणालो. ‘‘तारेनं प्रश्न पुढं ढकलत नाईत,’’ शेषराव म्हणाले. नियम त्यांना पाठ होते.

दुसऱ्या दिवशी उंद्रीला तोरणं, लेझीम, पोरांच्या रांगा. साहेबांच्या दौऱ्यात मी मशीन घेऊन जायचोच, ज्याच्याकडे अर्ज नसेल त्याला जागेवर करून द्यायला. साडेदहाला फीत कापली. भाषण झालं. मग नेहमीसारखी लोकांची रांग लागली. साहेब खुर्चीवर, शेजारी शेषराव वही घेऊन. नाव, गाव, काम. नाव, गाव, काम. शेषरावांचं लक्ष शाळेच्या नव्या घड्याळाकडे होतं. अकरा वाजले. शेषरावांनी कुणाच्या तरी पंपाचं काम लिहिलं. अकरा पाच झाले. कुणाच्या तरी तलाठ्याची बदली लिहिली. मला तिथं बसवेना. दिल्लीत त्या घटकेला कुणीतरी भगवंतरावांचं नाव पुकारत असेल आणि बाक रिकामा असेल, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

रांग पुढे सरकली आणि वहीपुढे मनकर्णाबाई उभ्या राहिल्या. डोक्यावर पदर, सकाळच्या गाडीनं एकट्या आलेल्या. शेषरावांनी मान वर केली नव्हती. सवयीनं म्हणाले, ‘‘पूर्ण नाव?’’

नवऱ्याचं नाव त्या कशा घेणार? शेषरावांनी वर पाहिलं. पेन तसंच हातात राहिलं.

मनकर्णाबाईंनी वहीला वळसा घालून कागद थेट साहेबांपुढे धरला. मी टाइप केलेला, पलटणीचा नंबर असलेला. नवऱ्याच्या कोटातून काढून आणला होता. साहेबांनी तो घेतला आणि नेहमीच्या मायेनं म्हणाले, ‘‘बोला बाई, काय काम हाये?’’

‘‘साहेब, तुमी आज इथं काऊन हाये?’’

साहेबांना कळलं नाही. ‘‘म्हंजे? लोकायनं बोलावलं म्हणून आलो.’’

‘‘माह्या पोराचं इचारणारं कोणी तिथं पाह्यजे होतं. आता, या टायमाले. अठी फीत तर मास्तरनंबी कापली असती.’’

महादेवराव पुढे झाले. ‘‘बाई, बाजूले सरका, मागं लोक हायेत.’’

‘‘मी कोण हाये मंग? मी लोक नाई काय?’’ बाईंचा आवाज फाटला. ‘‘सहा वर्षं माह्या घरून तुमची चिठ्ठी गेली साऱ्या जिल्ह्याले. माह्या पोराले चिठ्ठी नको होती साहेब. तुमी पाह्यजे होते. तिथं.’’

लेझीम थांबलं. साहेबांनी कागद वाचला, पुन्हा वाचला आणि शेषरावांकडे वळले. ‘‘ह्या कोण?’’

‘‘माही बायको, साहेब.’’

भगवंतराव उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते, हे मी पाहिलं, खोटं कशाला बोलू. पुढच्या अधिवेशनात नक्की विचारतो म्हणाले. त्यांनी पुढे प्रश्न दिलाही, पण प्रश्नांच्या नंबरांची सोडत निघते, तीत त्याचा नंबर लागला नाही. त्यानंतर कापसाचा हंगाम आला, मग लग्नसराई आली.

उंद्रीनंतर पंधरा दिवसांनी छापील उत्तर आलं. शेषरावांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. प्रश्नाच्या पहिल्या भागापुढे होतं, माहिती उपलब्ध नाही. दुसऱ्या भागापुढे होतं, अशी कोणतीही माहिती सरकारकडे आलेली नाही.

‘‘पंजाबराव,’’ ते म्हणाले, ‘‘हवालदारानं सांगतलं होतं ना हो. ‘माहिती आली हाये’ असं सांगाले तिथं एक माणूस उभा पाह्यजे होता. एवढंच. आणि त्याले मीच तार करून अठी बोलावलं.’’

ते टेबलावर डोकं टेकवून रडले. पुढे अर्ज घेऊन चार माणसं उभी होती, ती थोडी मागे सरकून थांबली.