खांबावरची वरची खूण

फोन वाजला तेव्हा मी होस्टेलच्या गच्चीवर भिंतीला टाचा टेकवून हातांवर उलटी उभी होते. मोबाइल समोर जमिनीवरच ठेवलेला. त्यावर ‘आई’ ही अक्षरं उलटी दिसली. इतक्या सकाळी आई कधी फोन करत नाही. मी लगेच खाली आले नाही... वाटलं, जोवर आपण अशा उलट्या आहोत तोवर कसलीच बातमी आपल्यापर्यंत पोचणार नाही. मग हात भरून आले, पाय खाली आले. आई एवढंच म्हणाली, “रोशन गेला वं, बाई.” खाली कंपनीची बस हॉर्न देत होती. इथे तमिळनाडूत, तिरुप्पूरला, त्या वेळी मला धरून बसेल असं माझी भाषा बोलणारं कुणी नव्हतं.

रोशनदादा माझ्या मोठ्या बाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा मुलगा. मोहाडीजवळच्या आमच्या गावात दोन्ही घरांना मिळून एकच आंगण. कावीळ झाली, ती त्यानं अंगावर काढली, मग भंडारा, मग नागपूर, आणि तिथून त्याला चादरीत गुंडाळूनच परत आणलं. राइस मिलमध्ये पोती उचलणारा माणूस, त्याला काही होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मला गाडी मिळेपर्यंत माती झाली होती, आणि मी पोचले ती पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्यासाठीच्या वंदनेच्या, दुसऱ्या दिवशी. मांडवाचे बांबू सोडवणं चाललं होतं.

दादाला पोलीस व्हायचं होतं. पळण्यात गावात त्याच्यापुढे कुणी नव्हतं, पण भरतीत त्याच्यावर पळायची पाळीच यायची नाही, कारण तिथे आधी उंची मोजतात आणि दादा बोटभर कमी पडायचा. कुणीतरी सांगितलं, लटकल्यानं उंची वाढते. आमच्याकडे भरतीची तयारी करणारी पोरं हे खरंच मानतात. घरामागे शेताच्या धुऱ्यावर मोहाचं झाड होतं. दादा रोज पहाटे त्याच्या आडव्या फांदीला लटकायचा. चैत्रात खाली मोठी आई, दादाची माय, टोपली घेऊन मोहफुलं वेचायची, आणि वरून दादाच्या धक्क्यानं टपटप फुलं पडायची, तिच्या डोक्यावर, पाठीवर. “झाडाले कायले तरास देऊन राहिला रे? आपल्या मनानं पडू दे ना त्याले!” ती ओरडायची. वाटेनं जाणारे म्हणायचे, “काय रोशन, वटवाघूळ झाला का बे?” दादा लटकल्या लटकल्या सांगायचा, “साहेब होऊन येतो काका, मग तुमचंच चालान फाडतो पहिलं.”

घरापुढच्या छपरीच्या मधल्या खांबाला पाठ लावून तो उभा राहायचा आणि मोठी आई चुलीतल्या कोळशानं डोक्याशी रेघ मारायची. “टाच टेकव, लबाडा!” रेघ काही वर गेली नाही. त्याच जागी पुन्हा पुन्हा ओढली जाऊन ती जाड होत गेली, बोटाएवढी. एकदा दादा त्या रेघेकडे बघत बराच वेळ बसला होता... मग उठला आणि परत झाडाकडे गेला.

उंची दिली नाही, पण त्या फांदीनं त्याला भलतंच काही दिलं. लटकता लटकता तो स्वतःला वर ओढायला लागला, मग पाय दोन्ही हातांच्या मधून काढून उलटा फिरायला लागला. मोबाइलवर व्हिडिओ बघायचा, तोच तुकडा मागे-पुढे करत. तळहाताला घाम येतो म्हणून चुलीची राख चोळायचा. एका थंडीत, धुकं असं की मोहाचं खोडसुद्धा दिसत नव्हतं, मी दात घासत मागे गेले तर दादा फांदीखाली हवेत आडवा झालेला, फळीसारखा सरळ, आभाळाकडे तोंड करून. धुक्यात फांदीही नीट दिसत नव्हती. वाटलं, हा कशालाच धरून नाही. आजही स्वप्नात तो मला तसाच दिसतो.

आणि मग तो दिवस. छपरीत, त्याच खांबाशेजारी, दादा हातांवर उभा राहिला. मागे भिंत नाही, आधार नाही. नुसते हात आणि वर सरळ पाय. खालूनच ओरडला, “माय, मोज ना आता!” मोठी आई आधी घाबरली, मग स्टूलवर चढली आणि त्याच्या टाचेशी कोळशानं रेघ मारली. जाड रेघेच्या कितीतरी वर. “साहेबाले सांगजो,” ती म्हणाली, “माहा पोरगा उलटा मोजा म्हणा!” हसून हसून दादा धाडकन पडला आणि आम्ही तिघंही तिथेच जमिनीवर हसत बसलो. त्यानंतर तो भरतीला गेला नाही. झाड मात्र सोडलं नाही.

मी नववीतूनच शाळा सोडली. बाबा अंथरुणाला खिळले आणि मी आईबरोबर धानाच्या रोवण्याला जायला लागले. तेव्हापासून मला भीती लागली. कशाची ते सांगता यायचं नाही. छाती धडधडायची, ताट पुढ्यात असूनही घास उतरायचा नाही. दादानं विचारलं नाही काय झालं म्हणून. म्हणाला, “चाल, लटक. लटकलेल्या माणसाले हाताशिवाय काईच आठवत नाही.” खरंच आठवायचं नाही. मग त्यानं मला भिंतीला पाय लावून हातांवर उभं राहायला शिकवलं. “पोट आत घे. बोटं पसर. तोल गेला का बोटानं जमीन दाबायची, घाबरून पाय नाही झाडायचे. अन् पडली तर पड ना, जमीन कुठं पळून जाते?” लोक बोलले, पोरीची जात आणि काय हे. दादा म्हणाला, “तिले उलटं दिसू दे ना जग. सरळ पाहून काय मिळालं?” उलटं जग फार सुंदर होतं. धानाच्या बांधीतलं पाणी वर, आभाळ खाली, आणि बगळे माझ्या पायांवरून चालल्यासारखे.

पण भिंत काही सुटायची नाही. टाच भिंतीपासून निघाली की धडधड सुरू व्हायची आणि टाच परत टेकायची. तशीच मी इकडे शिलाईच्या कंपनीत आले. दादा फोनवर जेवली का, पगार झाला का, असलं काही विचारायचा नाही. “सुटली का भिंत?” “नाही दादा.” “बरं, उद्या पाहू.” दर वेळी तेच. सुपरवायझर न समजणाऱ्या भाषेत ओरडतो तेव्हा माझी बोटं आपोआप मशीनची कड दाबतात. मी पडत नाही. हे त्यानं दिलेलं आहे, हे त्याला सांगायचं राहून गेलं...

घरी गेले त्या दुपारी मोठी आई खांबाला टेकून बसली होती. म्हणाली, “तो सांगे मले, पोरगी भेते पण सोडत नाही.” मी चुलीतली राख घेतली, हाताला चोळली. खांबाशेजारी, जिथे दादा उभा राहिला होता तिथेच हात टेकले. मागे भिंत नव्हती. पहिल्यांदा पडले. दुसऱ्यांदा पडले. नंतर पाय वर गेले आणि थांबले. छाती धडधडतच होती, पण बोटं जमीन दाबत होती. उलट्या छपरीत मला मोठ्या आईचे पाय दिसले, चुलीकडे जाताना, मग परत येताना, मग स्टूलवर चढताना. “हालू नको वं, बाई... मले नीट दिसू दे.” कोळसा लाकडावर टेकल्याचा आवाज आला आणि थांबला. ती डोळे पुसत असावी. “थांब जराशी,” ती म्हणाली, “रेघ वाकडी होऊन राहिली.”

मी थांबले.